शॉट टायमर : घड्याळ फुकट, पैसे कानाचे

मॅगझिनमध्ये मी मोजून सहा काडतुसं भरली होती आणि टायमर म्हणत होता आठ. शॉट टायमर म्हणजे सुरुवातीचा बीप देणारं आणि मग प्रत्येक बाराचा आवाज ऐकून त्याची वेळ टिपणारं छोटं यंत्र.

बिल ड्रिल या सरावात मोजण्यासारखं फार काही नसतं. सात यार्डांवर एक टार्गेट, बीप झाला की होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं आणि सहा गोळ्या ए झोनमध्ये, म्हणजे टार्गेटच्या सर्वांत जास्त गुणांच्या मधल्या भागात, घालायच्या. स्क्रीनवर शेवटची वेळ होती २.६१. माझ्या मानाने झकास. पण त्या आकड्याशेजारी आठ शॉट! बटण दाबत एकेक शॉट बघितला. पहिला १.४२ ला. दुसरा ०.२४ ने. तिसरा ०.०६ ने. चौथा ०.१७ ने. पाचवा पुन्हा ०.२४, सहावा पुन्हा ०.०६, सातवा ०.१८, आठवा ०.२४.

०.०६ चा स्प्लिट, म्हणजे दोन शॉटमधला वेळ, माझ्या बोटाने काय, कुणाच्याच बोटाने नेम धरून होत नाही. कसलेले नेमबाज ०.१५ च्या आसपास असतात आणि तेवढ्यानेही बघणाऱ्याचा जबडा खाली येतो. मग वहीत आकडे मांडले. ०.०६ आणि ०.१७ मिळून ०.२३. ०.०६ आणि ०.१८ मिळून ०.२४. म्हणजे माझी लय सरळ ०.२४ च्या आसपासची होती आणि मध्ये दोनदा टायमरने दुसरंच काहीतरी ऐकलं होतं. माझ्या पाठीमागे साधारण दहा मीटरवर भिंत होती. आवाज सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास जातो. भिंतीपर्यंत दहा आणि परत दहा, वीस मीटरला लागतात ०.०५८ सेकंद. टायमर माझ्याच बाराचा पडसाद मोजत होता.

खात्री करायला तीन मीटर पुढे सरकून तीच ड्रिल पुन्हा मारली. आता भिंत तेरा मीटरवर. भुताटकीचा स्प्लिट ०.०८ झाला. हिशेब चोख.

वाईट याचं वाटलं की त्याआधीचे दोन महिने त्याच वहीत मी 'आजचा सर्वांत जलद स्प्लिट' असा एक रकाना ठेवला होता. त्यात एका ठिकाणी ०.११ लाल पेनाने गोल करून ठेवलेला. त्या संध्याकाळी ते पान फाडलं.

तो टायमर सेकंडहँड घेतलेला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष अर्धा त्याचा आणि अर्धा माझा. माझा असा की घेताना मी चुकीची गोष्ट तपासली होती. विकणाऱ्यासमोर मोबाइलचं स्टॉपवॉच आणि टायमर एकदम सुरू केले, मिनिटभर दोन्ही बरोबर चालले, मी समाधानाने घेऊन आले. पण वेळ मोजणं ही या यंत्रातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. क्वार्ट्झचा अगदी साधा स्फटिकसुद्धा दहा सेकंदांत हजारावा भागही चुकत नाही आणि आपली स्पर्धा शंभराव्या भागात मोजली जाते. स्वस्तातला टायमर असो की महागातला, घड्याळ सगळ्यांचं ठीकच असतं. फरक पडतो तो कानात. कुठला आवाज बार आणि कुठला नाही, हे ठरवणारा माइक आणि त्यामागची अक्कल. टायमर विकत घेतो म्हणजे आपण हा कान विकत घेतो. घड्याळ त्याच्यासोबत फुकट येतं.

कानाचे प्रश्न दोनच, पण एकमेकांच्या उरावर बसलेले. एक, किती मोठ्या आवाजाला शॉट म्हणायचं, म्हणजे सेन्सिटिव्हिटी. दुसरा, एक शॉट मोजल्यावर किती वेळ कान बंद ठेवायचा, म्हणजे पडसाद गाळण्याची मुदत. इनडोअर रेंजवर सेन्सिटिव्हिटी जास्त ठेवली की शेजारच्या लेनवाला माझ्या खात्यात गोळ्या भरतो. कमी ठेवली की बावीस कॅलिबरचे बार गायब. पडसादाची मुदत ०.१० ठेवली की माझ्या भिंतीचं भूत उतरतं आणि खरा शॉट एकही बुडत नाही. तीच कुणी हौसेने ०.२० वर नेली, तर ०.१८ ने मारणाऱ्याचा प्रत्येक दुसरा शॉट टायमर गिळून टाकेल. म्हणून हे दोन्ही आकडे स्वतःला बदलता येणं ही माझी पहिली अट आहे. काही टायमर 'इनडोअर' आणि 'आउटडोअर' असे दोनच पर्याय देतात. एकाच रेंजवर एकटीने सराव करणारीला ते पुरेल. मला पुरलं नाही.

तपासायची माझी पद्धत साधी आहे आणि तिला एकही काडतूस लागत नाही. मोबाइलवर मेट्रोनोम लावायचा, ६० च्या ठेक्यावर. स्पीकर टायमरच्या माइकला जवळजवळ चिकटवायचा, सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर, टायमर सुरू. वीस ठोक्यांनंतर प्रत्येक स्प्लिट १.०० दिसला पाहिजे. मग २४० चा ठेका, स्प्लिट ०.२५. मग ३००, स्प्लिट ०.२०. इथवर बहुतेक टायमर येतात. आता ठेका वाढवत जायचा. ज्या क्षणी मधले ठोके गळू लागतात आणि स्प्लिट एकदम दुप्पट दिसतो, तिथे त्या टायमरची खरी मुदत कळते, पुस्तिकेत काहीही छापलेलं असो. ठोक्याचा आवाज बारासारखा नसतो हे मान्य. पण दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत एवढं कळलं तरी पुष्कळ. ही परीक्षा मी आधी केली असती तर लाल पेन वाचलं असतं.

रेंजवरची परीक्षा वेगळी. तिथे जोडीदार लागतो. मी टायमर सुरू करून नुसती उभी राहते आणि शेजारच्या लेनमधून तो पाच गोळ्या मारतो. स्क्रीनवर शून्य हवं. मग उलट. तो गप्प, मी पाच, स्क्रीनवर पाच. मग दोघं एकदम. ही तिसरी पायरी फार थोडे टायमर निर्मळपणे पार करतात, त्यातून शेजाऱ्याच्या पिस्तुलाला कॉम्पेन्सेटर असेल तर आशा सोडा. कॉम्पेन्सेटर नळीच्या तोंडावरचा दाब वर आणि बाजूंना फेकतो, तो सगळा आपल्या बाजूला येतो.

यावर एक तोडगा म्हणून मनगटी टायमर आले. डबल अल्फाचा शॉटमॅक्स हा त्यातला माहितीतला. त्यात माइकच्या जोडीला हाताला बसणारा झटका ओळखणारा सेन्सर आहे. शेजाऱ्याचा बार माझ्या मनगटाला झटका देत नाही, त्यामुळे गर्दीच्या रेंजवर ही युक्ती खरंच कामाची. मी मैत्रिणीचा महिनाभर वापरला. मात्र स्पर्धेत एका हाताने मारायचा स्टेज (टप्पा) आला आणि घड्याळ मोकळ्या हातावर असलं, तर झटक्याचा उपयोग शून्य, हे लक्षात ठेवायचं. आणि मॅगझिन बदलताना स्क्रीनकडे नजर जाण्याची एक वाईट खोड मला त्या महिन्यात लागली. ती मोडायला पुढचा महिना गेला.

आता बीप. खरेदी करताना याचा विचार कुणीच करत नाही.

आमच्या गटात एक काका आहेत. तारुण्यात कानाला काही न लावता वर्षानुवर्षं मारलेलं. मी रेंज ऑफिसर म्हणून, म्हणजे हुकूम द्यायला आणि वेळ घ्यायला, मागे उभी, "स्टँडबाय" म्हटलं, बीप झाला, आणि काका पुतळ्यासारखे उभे. दोन सेकंद गेले. तीन गेले. मग मान न वळवता म्हणाले, "अगं, वाजला का?" सगळे हसले, तेही हसले. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. बारांच्या आवाजाने जाणारी श्रवणशक्ती आधी जाते ती ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि छोट्या बझरचा कर्कश सूर नेमका त्या पट्ट्यात किंवा त्याच्या काठावर असतो. आवाज कितीही मोठा करा, ती खिडकीच बंद झालेली असते. काकांना शेवटी सापडला तो जरा जाड, खालच्या सुराचा टायमर. त्यांचा ड्रॉ, म्हणजे बीपपासून पहिल्या बारापर्यंतचा वेळ, एका दिवसात सुधारला. हात तेच होते, फक्त ऐकू येऊ लागलं.

चांगले कान असलेल्यांनीही बीप ऐकताना कानाच्या प्लगवर मफ (कान झाकणाऱ्या वाट्या) चढवून ऐकावा, दुकानातल्या शांततेत नव्हे. शेजारी कुणी मारत असताना ऐकावा. इलेक्ट्रॉनिक मफ मोठा आवाज क्षणभर दाबतात. शेजाऱ्याचा बार आणि आपला बीप एकाच क्षणी आले तर बीप बाराबरोबर दाबला जातो. जोरकस, थोडा लांब बीप असला की त्याचं शेपूट तरी कानी पडतं.

टायमर कुठे ठेवता यावरही आकडा बदलतो, हे मला बरंच उशिरा कळलं. मी तो मागच्या बाकावर ठेवायचे, साधारण सात मीटरवर. बीप माझ्यापर्यंत यायला ०.०२ सेकंद, माझ्या बाराचा आवाज त्याच्यापर्यंत जायला आणखी ०.०२. ड्रॉ फुकटचा ०.०४ ने वाढलेला दिसायचा. स्प्लिट मात्र बरोबर, कारण सगळेच शॉट सारखेच उशिरा पोचायचे. ०.०४ म्हणजे काहीच नाही असं ज्याला वाटतं त्याने हे अंतर स्वतःच्या ड्रॉमधून कमी करून दाखवावं. मला तेवढ्यासाठी एक हंगाम लागला होता. आता टायमर कमरेला. मी डावखुरी, पिस्तूल डाव्या बाजूला, म्हणून टायमर उजवीकडे. क्लिप दोन्ही बाजूंनी लावता येते का ते डावखुऱ्यांनी आधी पाहावं. उजव्या हाताच्या माणसांनी बनवलेल्या यंत्रांची बटणं आमच्यासाठी बऱ्याचदा पोटाकडे तोंड करून बसतात.

वायरलेस इअरफोनमधून बीप ऐकण्याची टूम मध्यंतरी निघाली होती. करू नका. ब्लूटूथवरून आवाज पोचायला दशांश सेकंद किंवा त्याहून जास्तही लागू शकतो. घड्याळ सुरू झालेलं असतं आणि आपण अजून वाट बघत असतो.

मोबाइलच्या ॲपबद्दल हमखास विचारलं जातं, कारण ते एरवी खिशात असतंच. मीही तिथूनच सुरुवात केली. फोनचा माइक बोलणं ऐकायला बनवलेला आहे, बोलणं ६० डेसिबलच्या आसपासचं. पिस्तुलाचा बार १५० च्या वर जातो. शिवाय फोन आपणहून आवाजाची पातळी सांभाळत असतो, हळू आवाज वर आणि मोठा आवाज खाली. पहिल्या बाराने तो दचकून माइक दाबतो आणि दुसरा बार त्या दबलेल्या अवस्थेत येतो. सहा मारले की कधी चार, कधी पाच. मोकळ्या मैदानात एकट्याने हळूहळू मारताना ॲप बऱ्यापैकी चालतं. स्पर्धेच्या वेगाच्या सरावाला त्याच्या भरवशावर राहू नये. मात्र घरच्या ड्राय फायरसाठी, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाच्या सरावासाठी, ॲपच घ्या, वेगळा टायमर घ्यायची गरज नाही. कारण तिथे कानाचं कामच नसतं.

ड्राय फायरमध्ये लागतो तो पार टाइम. एक बीप सुरुवातीचा, एक शेवटचा, आणि मधल्या वेळात काम झालं पाहिजे. मी ड्रॉसाठी १.६ लावते, दहापैकी आठ वेळा जमलं की १.५. (पिस्तूल रिकामं आणि त्या खोलीत एकही काडतूस नाही, हे दोनदा बघून मगच. तिसऱ्यांदा बघितलं तरी कुणी हसत नाही.) चापाचा टक् आवाज टायमरने ऐकावा अशी अपेक्षा धरू नका. काही ऐकतात. पण मग ते होल्स्टरची खरखर आणि खालच्या मजल्यावरचा कुकरही ऐकतात.

पार टाइममध्ये दोन बीपांची सोय बहुतेक टायमरांत असते. तीन-चार वेगवेगळ्या वेळा एकामागोमाग लावता येणं ही चैन आहे, पण कामाची. ऑलिंपिकच्या २५ मीटर रॅपिड फायरमध्ये पाच शॉटच्या मालिका ८, ६ आणि ४ सेकंदांत मारायच्या असतात. तिथे वेळ टार्गेटची यंत्रणाच सांभाळते, टायमर कुणी हातात धरत नाही. आमच्यातला एक मुलगा त्या प्रकाराची तयारी करतो. तो ८, ६, ४ असे तीन पार लावून भिंतीवरच्या कागदासमोर संध्याकाळ काढतो.

सुरुवातीच्या बीपला मागेपुढे वेळ हवा, ठरावीक नको. हे बहुतेक टायमरांत असतं, पण बऱ्याचदा बंद करून ठेवलेलं असतं. माझ्या पहिल्या टायमरवर आधीच्या मालकाने तीन सेकंदांची ठरावीक मुदत लावून ठेवली होती. मला ते कळलंच नाही. माझा ड्रॉ १.१८ वर आला म्हणून मी खुशीत. मग क्लबच्या स्पर्धेत पहिल्याच स्टेजवर १.४४. आयपीएससी या प्रॅक्टिकल नेमबाजीच्या जागतिक संघटनेच्या नियमांत "स्टँडबाय"नंतर बीप एक ते चार सेकंदांत कधीही येतो. मी घरी बीप ऐकून नव्हे, मनात तीन मोजून निघत होते. धावण्याच्या शर्यतीत बंदुकीनंतर ०.१०० सेकंदाच्या आत निघालेला धावपटू चुकीची सुरुवात केली म्हणून धरला जातो, कारण माणसाला ऐकून हलायला तेवढा वेळ लागतोच. आपल्याकडे तसं धरणारं कुणी नसतं. बीपच्या आधी हात हलला तर रेंज ऑफिसरला दिसतं, पण बीपबरोबर हलला तर सगळे टाळ्या वाजवतात.

रेंज ऑफिसर म्हणून टायमर हातात धरायला लागल्यावर माझी मतं निम्मी बदलली. नेमबाज म्हणून मला हवा होता छोटा, हलका, कमरेला न जाणवणारा. आता हवेत उन्हात दिसणारे जाड आकडे आणि अंगठ्याला न शोधता सापडणारं बटण. उजळ, रंगीत स्क्रीन दुकानाच्या दिव्यात देखणी दिसते आणि दुपारच्या उन्हात काळी पाटी होते. साधी करडी एलसीडी उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसते. फक्त पोलराइज्ड चष्मा घालून बघू नका. एका ठरावीक कोनात आकडे साफ नाहीसे होतात आणि टायमर बंद पडला असं वाटतं. हे माझ्यासोबत घडलं तेव्हा मी भर स्टेजवर टायमर झटकत उभी होते, आणि शेजारून स्कोअर लिहिणारा मुलगा शांतपणे म्हणाला, "ताई, चष्मा काढा."

दुसरी फजिती जास्त महाग पडली. एका नेमबाजाने अफलातून स्टेज मारला. मी वेळ दाखवायला टायमर स्कोअररकडे वळवला आणि अंगठा सुरुवातीच्या बटणावर पडला. बीप! आधीची वेळ गेली. त्या टायमरात जुनी नोंद परत काढायची सोय नव्हती. वेळच नाही म्हटल्यावर तो स्टेज पुन्हा मारावा लागला आणि दुसऱ्यांदा तो तसा काही जमला नाही. तो मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून मी दोन गोष्टी बघते. सुरुवातीचं बटण आणि मागची नोंद बघायचं बटण एकमेकांपासून लांब हवीत, आणि निदान शेवटच्या काही नोंदी आठवणीत राहायला हव्यात.

आणखी एक सापळा शेवटच्या हुकमाचा. "इफ क्लिअर, हॅमर डाउन, होल्स्टर." रिकाम्या पिस्तुलाचा हॅमर (घोडा) पडतो, टक्. टायमर अजून ऐकत असतो, सेन्सिटिव्हिटी वर असते, आणि तो टक् शेवटचा शॉट म्हणून नोंदला जातो. १४ सेकंदांचा स्टेज २३ चा होतो. एवढा फरक कुणाच्याही डोळ्यात येतो म्हणून त्याची भीती नाही. भीती उलट्या चुकीची. शेवटचा शॉट टायमरने ऐकलाच नाही तर वेळ कमी दिसते, थोडीशीच, आणि सगळे खुश असतात. समजा एल प्रेसिदेंते ही ड्रिल, बारा शॉट, सगळे ए, साठ गुण. खरी वेळ ६.००, हिट फॅक्टर (गुण भागिले वेळ) १०.००. शेवटचा ०.१८ चा स्प्लिट बुडाला, वेळ ५.८२, हिट फॅक्टर १०.३१. एवढ्याने क्रमवारी बदलते. म्हणून मी वेळ वाचण्याआधी शॉटची संख्या वाचते. स्क्रीनवर दोन्ही एकदम दिसत नसतील, संख्येसाठी आणखी एक बटण दाबावं लागत असेल, तर तो टायमर स्पर्धेला नको. स्टील चॅलेंज या स्टीलच्या टार्गेटांवरच्या स्पर्धेत तर वेळ हाच गुण. बहुतेक स्टेजांत पाचपैकी सर्वांत वाईट फेरी टाकून उरलेल्या चारांची बेरीज होते, तिथे कानाने घातलेल्या घोळावर पांघरूण घालायला गुणही नसतात.

आयपीएससीचं ब्रीदवाक्य आहे डिलिजेन्शिया, व्हिस, सेलेरिटास. अचूकता, जोर, वेग. टायमरला यातलं फक्त तिसरं कळतं. मी हे विसरते तेव्हा माझ्या टार्गेटवर कमी गुणांच्या सी आणि डी झोनची गर्दी होते. त्यामुळे प्रत्येक सत्रातल्या पहिल्या वीस गोळ्या टायमर पिशवीत ठेवूनच मारते.

आता नावं. दहा यंत्रं शेजारी ठेवून मोजमाप मी केलेलं नाही, हातात आली तेवढी वापरली. पॅक्टचा क्लब टायमर आणि कॉम्पिटिशन इलेक्ट्रॉनिक्सचा पॉकेट प्रो ही जुनी, ठोकळेबाज मंडळी. नऊ व्होल्टची बॅटरी, मोजकी बटणं, नव्या रेंज ऑफिसरला दोन मिनिटांत शिकवता येतात. क्लबने एखादाच टायमर घ्यायचा असेल तर मी या घराण्यातला घेईन. सीईडी ७००० हा छोटा, आतल्या बॅटरीवर चार्ज होणारा, सेन्सिटिव्हिटी बदलता येणारा. माझ्या कमरेला सध्या हाच असतो आणि तीन हंगाम झाले, त्याने मला एकदाही खोटी खुशी दिलेली नाही. शूटर्स ग्लोबलचा एसजी टायमर आणि एएमजी लॅबचा कमांडर ब्लूटूथने फोनशी बोलतात, आकडे आपोआप नोंदले जातात. ज्याला आलेख काढायची आवड आहे त्याने जरूर बघावेत. मला वहीच बरी वाटते. आकडा हाताने लिहिताना ०.०६ वर पेन अडखळतं, आलेखात तो नुसता एक ठिपका असतो.

बॅटरीबद्दल एकच. आतली चार्ज होणारी बॅटरी रोजच्या सरावाला सोयीची. दिवसभराच्या स्पर्धेत मात्र नऊ व्होल्टवाला निर्धास्त, पिशवीत दुसरी ठेवली की झालं. बॅटरी उतरायला लागली की माझ्या जुन्या टायमरचा आधी आवाज बसायचा, आकडे नंतर फिके व्हायचे. बीप मलूल वाटला की बदलून टाकायची, स्क्रीनवरचं चिन्ह येण्याची वाट बघायची नाही.

तो जुना, आठ मोजणारा टायमर मी विकला नाही. विकणार कुणाला, आणि काय सांगून? तो कपाटावर आहे. रात्री मुलगी झोपल्यावर ड्राय फायरसाठी काढते. बीप फार मोठा म्हणून बझरच्या भोकावर जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावली आहे, दोन पदरी. एकदा तीच पट्टी त्याच्या माइकवरही लागली होती आणि आठवडाभर माझ्या लक्षातही आलं नाही, कारण पार टाइमला त्याला काही ऐकावंच लागत नाही. १.५ ला लावलाय. काल दहापैकी सात जमले.